मॅनस आजोबांच्या घरातलं दुखणं

"शार्दूल, दोर सोड म्हटलं की सोडायचा. त्याची चौकशी करत बसायची नाही," निहारिका वाऱ्यावर आवाज चढवून म्हणाली.

"अगं पण कुठला? इथे सतरा दोर आहेत."

"निळा!"

शार्दूलनं निळा दोर सोडला. शीड फडफडलं आणि एका अंगावर कललेली 'किटीवेक' सरळ झाली. शार्दूल काही सरळ झाला नाही. निहारिकाचा हा चुलतभाऊ, वय तेरा, सुट्टीत पुण्याहून आयर्लंडला आला होता, आणि गेले तीन तास होडीच्या कडेला असा चिकटून बसला होता की ओढला असता तरी सुटला नसता.

सुकाणूवर बसून हसत होते ते निहारिकाचे बाबा, डॉक्टर विनय. तिथल्या डोनेगल जिल्ह्यात, लेटरकेनी गावात डॉक्टर होते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांची आणि पाण्याची ओळख खडकवासल्याला कणीस खाण्यापुरती होती. मग एका मित्राबरोबर अर्ध्या भागीदारीत ही जुनी शिडाची होडी घेतली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आईची या आठवड्यात ड्यूटी होती, म्हणून ती वाचली.

"मला बेट दिसलं," पुढे बसलेला वेदांत म्हणाला. हा निहारिकाचा दहा वर्षांचा भाऊ. त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र इंग्रजीत, तेही डोनेगलच्या हेलात. त्याचं बोलणं मी इथे मराठीत करून देतोय. तो स्वतः बोलेल म्हणून थांबलो तर गोष्ट पुढे जायची नाही.

ते बेट होतं इनिशदारा. काळे कातळ, वर हिरवं गवत, पंधरा-वीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. दुकान नाही. बुधवारी आणि शनिवारी फेरीबोट येते, तीही समुद्राची मर्जी असेल तर. गेल्या सप्टेंबरात दाट धुक्यामुळे 'किटीवेक' इथे चार दिवस अडकली होती. तेव्हा मॅनस नावाच्या म्हाताऱ्या कोळ्यानं सगळ्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. ओळख ना देख, तरी बटाटे उकडून घातले, निहारिकाला गाठी शिकवल्या, वेदांतला सील दाखवायला नेलं. मुलं त्यांना मॅनस आजोबा म्हणायला लागली. त्याचा अर्थ कळल्यावर एकट्या राहणाऱ्या त्या माणसाला इतका आनंद झाला, की त्यानं तो शब्द बेटावरच्या प्रत्येकाला जाऊन सांगितला.

म्हणून या वेळी चकल्यांचा डबा घेऊन मंडळी खास त्यांना भेटायला निघाली होती. धक्क्यावर मॅनस आजोबा आणि त्यांचा कुत्रा शेप उभे असतील, अशी सगळ्यांची खात्री होती.

धक्क्यावर उभी होती ती एकटी ओर्ला. बेटावरच्या नर्सची, ऊनाची, बारा वर्षांची मुलगी.

"शेप कुठेय?" वेदांतनं उडी मारता मारता विचारलं.

"मेला," ओर्ला म्हणाली. "मार्चमध्ये. चुलीपुढच्या चटईवर झोपला तो उठलाच नाही. आणि मॅनसचंही काही खरं नाही. तो माणसं ओळखत नाही. दोनदा पडला. परवा शनिवारच्या बोटीनं त्याला पलीकडे वृद्धाश्रमात नेणार आहेत. घराला कुलूप लागणार."

 चकल्यांचा डबा उगाच हातात जड वाटायला लागला.

*

आजोबांचं घर उबदार होतं, जरा जास्तच. गेल्या नोव्हेंबरात सरकारी योजनेतून नव्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसल्या होत्या, त्यामुळे फट अशी कुठे राहिली नव्हती. चुलीत टर्फ जळत होतं. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. आपल्याकडे शेणी लावतात तशा इथे या.

आजोबा खुर्चीत बसले होते. चेहरा लालसर, डोळे अर्धवट मिटलेले.

"आजोबा, मी निहारिका."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग वेदांतकडे. "ह्यूई," ते म्हणाले, "तुला किती वेळा सांगितलं, भरतीला खडकांवर जायचं नाही."

ओर्लानं निहारिकाच्या कानात सांगितलं, "ह्यूई त्याचा धाकटा भाऊ होता. साठ वर्षांपूर्वी बुडाला."

निहारिकाला एकदम रडू आलं. गेल्या वर्षी याच माणसानं तिला अंधारात, नुसत्या बोटांनी गाठ मारायला शिकवलं होतं.

शार्दूलला काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची होती. त्यानं चुलीबद्दल विचारलं. ओर्लानं सांगितलं, की या घरातला विस्तव आजोबांच्या आजीच्या वेळेपासून विझलेला नाही. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी राख सारून पुन्हा फुलवायचे. मॅनस बाकी सगळं विसरायला लागला, पण हे तो एकदाही विसरला नाही.

तासाभरात शार्दूलचं डोकं दुखायला लागलं, निहारिकाचंही. वेदांत तर उठून बाहेर धावला आणि दारापाशीच ओकला.

"दिवसभर होडीत हेलकावे खाल्ले ना, मग जमिनीवर आलं की असं होतं," बाबा म्हणाले. "पाणी पी आणि पड जरा."

दाराबाहेर ऊना त्यांची वाट बघत होती. बाई कामाची होती, पण दोन बेटांना ती एकटीच नर्स, त्यामुळे कायम घाईत. "डॉक्टर, आलाच आहात तर तुमचं मत सांगा. संध्याकाळी मॅनस फारच गोंधळतो. त्याच्या ग्लासगोच्या पुतण्यानं कागदांवर सह्या केल्यात. आपण बरोबर करतोय ना?"

"वयाचा भाग आहे," बाबा म्हणाले. "संध्याकाळी जास्त गोंधळतात म्हणताय, म्हणजे स्मृतिभ्रंशच. एकटं ठेवणं धोक्याचं. आश्रमात नीट राहतील."

एवढं बोलायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. आजोबांची नाडीसुद्धा त्यांनी पाहिली नाही. सुट्टीवरचा डॉक्टर हा असा असतो.

त्या रात्री सगळे होडीतच झोपले. गार वाऱ्यात डोकेदुखी आपोआप गेली.

*

शुक्रवारी सकाळी निहारिका जागी झाली ती बाहेर वाजणाऱ्या कुणाच्या तरी बुटांच्या आवाजानं. वर येऊन बघते तर धक्क्यावर मॅनस आजोबा!

"दुपारपर्यंत वारा फिरेल. नैर्ऋत्येचा येईल आणि जोराचा येईल," ते म्हणाले. "बापाला सांग, मागे आणखी एक दोर लाव. आणि तू ती गाठ विसरलीस की आहे लक्षात?"

निहारिकानं गाठ मारून दाखवली. त्यांनी ती ओढून बघितली. "ग्रँड," ते म्हणाले. आयरिश माणसाच्या तोंडी हा शब्द शाबासकीला असतो, तसाच 'ठीक आहे'लाही असतो. ही शाबासकी होती.

"आजोबा, तुम्हाला उद्या जायचंय ना?"

"नेणार आहेत." ते समुद्राकडे बघत राहिले. "मी जन्मलो ती खोली अजून तशीच आहे. त्याच खोलीत मरायचं एवढंच मागणं होतं माझं. पण संध्याकाळ झाली की डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं बघ. कदाचित त्यांचंच बरोबर असेल."

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. मग पावसाची सर आली आणि ते हळूहळू घराकडे गेले.

शार्दूल केबिनच्या दारात बसून हे सगळं ऐकत होता. "हा माणूस वेडा नाही," तो म्हणाला. "सकाळी बाहेर शहाणा, संध्याकाळी घरात वेडा. घड्याळ बघून कुणाला वेड लागतं का?"

"बाबा म्हणाले ना, संध्याकाळी जास्त होतं म्हणून."

"काका काहीही म्हणोत. काल तिथे तासभर बसलो तर माझंही डोकं दुखलं, तुझंही. वेदांतनं तर अख्खं जेवण परत केलं."

"तो विषय पुन्हा नको," वेदांत म्हणाला.

"आणि कुत्रा कुठे मेला? चुलीपुढे." शार्दूल आता उभा राहिला. त्याची होडीची भीती कुठल्या कुठे गेली होती. "निहू, आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर बाळासाहेब म्हणून होते. बाथरूममध्ये गॅसचा गिझर. थंडी वाजते म्हणून त्यांनी खिडकी बंद केली आणि आंघोळीला गेले. दार तोडून बाहेर काढावं लागलं. काहीच उपयोग झाला नाही. तेव्हापासून आई मला बाथरूमची खिडकी उघडी आहे का ते तीनदा विचारते. तो गॅस दिसत नाही, वास येत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग माणूस काहीबाही बोलतो."

"कार्बन मोनॉक्साइड," निहारिका म्हणाली. शाळेत शिकवलं होतं. परीक्षेत मार्कही मिळाले होते. काल त्याच घरात बसून तिला ते आठवलं नव्हतं.

दोघं बाबांकडे गेली. बाबा वाऱ्याशी झटापट करत शीड गुंडाळत होते. "इथे कुणाकडे गॅस गिझर नाही रे बाबा," ते मान वर न करता म्हणाले. "धुराडं आहे की घराला. तुम्ही डॉक्टरकी करू नका, तो दोर धरा."

झालं. मोठ्यांना सांगून पाहिलं होतं.

मग त्यांनी ओर्लाला गाठून गॅसची शंका सांगितली. "त्याच्या घरात त्या गॅसचा अलार्म आहे," ती म्हणाली. "खिडक्यांबरोबर आला होता. आई भिंतीवर लावणार होती. नोव्हेंबरपासून प्रेसवर खोक्यातच पडलाय." तिकडे प्रेस म्हणजे भांड्यांचं कपाट.

*

दुपारी वारा फिरला, अगदी आजोबा म्हणाले होते तसा. चौघं वाकून चालत घरापाशी पोचली. दार वाजवलं तर आतून उत्तर नाही.

निहारिकानं दार ढकललं. आजोबा खुर्चीत होते, मान छातीवर, हात खाली लोंबलेला. तिनं खांदा धरून हलवलं तर नुसतं कण्हणं ऐकू आलं.

"दार उघडं ठेवा, सताड," शार्दूल म्हणाला. "श्वास बाहेर घ्यायचा, आत धरायचा. वेदांत, तू आत यायचं नाहीस. तू बाबांना आणि ऊनाला आण. पळ."

वेदांत पळाला. चिखलात एकदा पडला, उठला, पुन्हा पळाला. आणि धक्क्यावर पोचल्यावर जन्मात पहिल्यांदा चारचौघांत मराठीत ओरडला, "बाबा, लवकर या, आजोबा मरतायत!" बाबांनी हातातला दोर तसाच टाकला.

इकडे ओर्लानं प्रेसवरचं खोकं बाहेर आणून फाडलं आणि पायरीवरच बॅटऱ्या बसवल्या. शार्दूलनं अलार्म आत टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन श्वास घेतला. आजोबांना उचलणं शक्यच नव्हतं. उंच, रुंद हाडापेराचा माणूस.

"खुर्चीसकट ओढू," निहारिका म्हणाली. "मागे झुकवा, मागच्या पायांवर."

तिघांनी खुर्ची ओढली. ती चटईत अडकली. चटई लाथेनं बाजूला केली. उंबऱ्यापाशी पुन्हा अडली. निहारिकाची छाती फुटायला आली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पावसात तोंड बाहेर काढून पुन्हा श्वास घेतला आणि तिघांनी मिळून असा हिसका दिला, की खुर्ची, आजोबा आणि मुलं एकदमच अंगणातल्या चिखलात आली.

त्याच वेळी आतला अलार्म किंचाळायला लागला. तो थांबेचना. ओर्लानं कानांवर हात ठेवले आणि ती रडायला लागली.

आता मात्र खरं ते सांगायला हवं. बाबा आले आणि सुट्टीवरचा डॉक्टर कुठेतरी नाहीसा झाला. ऊनानं दवाखान्यातून ऑक्सिजनचं नळकांडं आणलं, मास्क लागला, बाबा चिखलात गुडघे टेकून बसले. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकणार नाही, असं फोनवर कळलं. आजोबांना ऊनाच्या दवाखान्यात हलवलं. तीन तास बाबा त्यांच्या उशाशी होते, उठले नाहीत. मग आजोबांनी डोळे उघडले.

"विस्तव?" त्यांनी पहिला शब्द उच्चारला.

"बादलीत काढून गोठ्यात ठेवलाय. आई घेऊन गेली," ओर्ला म्हणाली. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, पण या वेळी झोपेनं.

*

पण चूल वर्षानुवर्षं जळत होती, मग आताच असं का झालं? संध्याकाळी घर मोकळं करून बघायला बाबा, ऊना आणि मुलं परत गेली. धुराड्यात अडथळा नव्हता. शार्दूल टॉर्च घेऊन भिंती बघत फिरत होता. दाराजवळ खुंटीवर जाड कोट टांगलेले होते, ते त्यानं बाजूला केले. मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, भिंतीत वीतभर चौकोनी झरोका होता. हवा आत यायला अशी भोकं तिकडच्या घरांत मुद्दाम ठेवलेली असतात. यावर खाकी चिकटपट्टीचे तीन थर होते.

निहारिकानं पट्टी ओढली. आत दाबून भरलेला कागदाचा बोळा होता. तो तिनं काढला, आणि सूं करून गार वारा खोलीत शिरला.

"अरे देवा," ऊना म्हणाली. "त्यानंच बुजवलंय. बघितलंत ना, डॉक्टर? स्वतःच्या हातानं स्वतःला मारायला निघाला होता. मला अजून थोडी आशा वाटत होती, पण आता नाही. उद्याच्या बोटीनं पाठवायलाच हवं."

निहारिका बोळा उलगडत होती. वर्तमानपत्र होतं. गौरी-गणपतीनिमित्त पुण्यातल्या कुठल्याशा दुकानात साड्यांवर सूट होती. मराठीत.

 लसणाच्या चटणीची बरणी आजीनं याच कागदात गुंडाळून पाठवली होती. गेल्या सप्टेंबरात बरणी आजोबांना दिली, आणि कागद? तिला आठवलं. बाबा इथे बसले होते, ओणवे. "कसला बोचरा वारा येतो म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर," असं म्हणत. लेटरकेनीच्या त्यांच्या घरात तिन्ही खोल्यांचे झरोके बाबांनी पहिल्याच हिवाळ्यात असेच बंद करून टाकले होते. ओळखीच्या सगळ्याच मराठी घरांत ते असेच बंद होते. एवढे पैसे घालून घर तापवायचं आणि वर भिंतीला भोक ठेवायचं, हे आपल्या कुणालाच पटत नाही. पण त्यांच्या घरात विजेचे हीटर होते. इथे दिवसरात्र टर्फ जळत होतं.

त्या बेटावर तो कागद वाचू शकणारी चारच माणसं होती. बाबांनीही तो पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"निहू, तो कागद इकडे दे," ते हलक्या आवाजात म्हणाले.

तिनं दिला नाही. तिला बाबा फार आवडायचे. शेजारीपाजारी, दवाखान्यात, सगळीकडे त्यांना मान होता. आणि उद्या सकाळी दहा वाजता बोट येणार होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

 ऊना एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. बाबा चुलीपुढच्या स्टुलावर बसले. मग त्यांनी इंग्रजीत, एकेक वाक्य थांबत थांबत, सगळं सांगितलं. झरोका मी बंद केला. काल त्यांना न तपासता मत दिलं. मुलं सांगायला आली तेव्हा ऐकलं नाही.

ऊनानं टेबलावरचा अलार्म उचलला. "तो अलार्म लावायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "आठ महिने रोज म्हणत होते, उद्या लावते." तिनं फोन काढला आणि ग्लासगोचा नंबर फिरवला.

*

शनिवारच्या बोटीनं मॅनस आजोबा गेले, पण तपासण्यांसाठी हॉस्पिटलात. ऊना आणि बाबा दोघंही बरोबर गेले. मुलांना ओर्लाच्या आजीकडे ठेवलं. ऊनानं शुक्रवारीच काढून ठेवलेल्या रक्तात तोच गॅस सापडला. बुधवारच्या बोटीतून आजोबा उतरले ते कुणाचा हात न धरता. सगळं काही परत आलं नव्हतं. उजवा हात थरथरत होता, आणि ओर्लाचं नाव आठवायला त्यांना वेळ लागला. ते कदाचित असंच राहील, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण वृद्धाश्रमाचे कागद पुतण्यानं रद्द केले होते.

बाबांनी त्यांना अंगणात गाठलं. हॉस्पिटलात धीर झाला नव्हता. चार दिवस ते माफीची वाक्यं जुळवत होते, ती सगळी विसरली. "तुमच्या पायांना वारा लागू नये म्हणून..." एवढंच बोलले आणि अडले.

"ठाऊक आहे मला. ऊनानं सांगितलं," आजोबा म्हणाले. "ते भोक माझ्या आजोबानं ठेवलं होतं. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"चुकलं माझं."

"शेप नऊ वर्षांचा होता. अजून पाच वर्षं सहज काढली असती त्यानं."

 बाबांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी मुलांपासून लपवलेही नाहीत.

आजोबा मुलांकडे वळले. त्यांनी शार्दूलच्या डोक्यावर थरथरता हात ठेवला. "खुर्ची ओढायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"हिच्या," शार्दूल म्हणाला.

"आणि गॅस ओळखला यानं," निहारिका म्हणाली. "वेदांत तर चिखलातून पळत गेला. अलार्म ओर्लानं सुरू केला."

"ऊना, ऐकतेस ना? तू आणि हा डॉक्टर, दोघांच्या मिळून तीस वर्षांच्या डॉक्टरकीला या चार पोरांनी धोबीपछाड दिली." आयरिश भाषेत धोबीपछाडीसारखाच एक शब्दप्रयोग आहे, तो ओर्लानं हसत समजावून सांगितला. "यांना कधीही, कुठल्याही वाऱ्यात, माझं दार उघडं आहे."

मग ते बाबांना म्हणाले, "शेपला घरामागे पुरलंय. वर दगड ठेवायला माझ्यात ताकद नव्हती. किनाऱ्यावरून एक घेऊन ये. एकट्यानं."

बाबा किनाऱ्यावर उतरले. शार्दूल मदतीला निघाला, पण आजोबांनी मान हलवली. मुलं भिंतीवर बसून बघत राहिली. बाबांनी एक करडा, चपटा दगड निवडला, छातीशी धरला, आणि चढावर चार वेळा थांबत, धापा टाकत वर आणला. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. घरामागच्या लहानशा उंचवट्यापाशी ते पोचले, पण दगड त्यांनी खाली ठेवला नाही.

"कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

मॅनस आजोबा कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत उभे होते. बाबांचे हात कापायला लागले होते, तरी ते तसेच थांबले. मग आजोबांनी काठीच्या टोकानं जागा दाखवली.